कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजमधून अकाउंटिंग: दीड वर्षानंतरचा अनुभव

नाशिकला बी.कॉम., चार वर्षं टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर नोकरी, मग लग्न, मुलगी, अमेरिका आणि एच-फोरवर, म्हणजे जोडीदाराच्या एच-वन व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, सात वर्षं घरी. ईएडी, म्हणजे काम करायची परवानगी, आलं तेव्हा पुन्हा कामाला लागायचं म्हणून बे एरियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात नाव घातलं, त्याला आता दीड वर्ष झालं.

आधी पैशाचं. कॅलिफोर्नियाचे रहिवासी धरले गेलात तर युनिटला (कोर्सचं वजन मोजायचं माप) 46 डॉलर, म्हणजे चार युनिटचा फायनान्शियल अकाउंटिंगचा कोर्स 184 ला पडतो, पण त्यासाठी राज्यात एक वर्ष आणि एक दिवस राहिल्याचं दाखवावं लागतं, नाहीतर नॉन-रेसिडेंट फी कितीतरी जास्त आहे. पुस्तक आणि होमवर्कच्या ऑनलाइन कोडचा खर्च वेगळा, आणि एका कोर्सला तो कोड मला फार जड गेला.

अभ्यास अवघड नाही हो, सवयी मोडणं अवघड. आपल्या डोक्यात रिसिव्हर डेबिट, गिव्हर क्रेडिट बसलेलं, इथे सगळं असेट्स बरोबर लायबिलिटीज अधिक इक्विटी यावरून. आपले संड्री डेटर्स, म्हणजे ज्यांच्याकडून पैसे येणं आहे ते, इथे अकाउंट्स रिसीव्हेबल. पहिल्या क्विझमध्ये मी सवयीने 1,50,000 लिहिलं, सरांनी पेन्सिलने गोल करून विचारलं हा कॉमा इथे कसा, मग मी वर्गाला फळ्यावर लाख-कोटी समजावून सांगितलं. सात वर्षांनी कुणी मला कामाचं काहीतरी विचारत होतं, घरी येऊन रडलेच मी.

सगळ्यात जास्त शिकले ते व्हिटामध्ये. आयआरएसचा, म्हणजे अमेरिकेच्या टॅक्स खात्याचा, हा कार्यक्रम, कमी उत्पन्नाच्या लोकांचे टॅक्स रिटर्न फुकट भरून देतात, सर्टिफिकेशनच्या परीक्षा पास झालं की व्हॉलंटियर म्हणून बसता येतं. मार्चमध्ये एक बाई आल्या, घरं साफ करायचं काम करणाऱ्या, पाकिटात 1099-एनईसी (नोकरीबाहेरच्या कामाच्या कमाईचा फॉर्म) आणि सामानाच्या पावत्या, आणि स्वतःचं काम करणाऱ्यांना लागणारा सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स 15.3 टक्के असतो हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. एकेक पावती लावत खर्च वजा केला तसा आकडा खाली आला. पुस्तकातलं शेड्यूल सी, म्हणजे स्वतःच्या धंद्याचा नफा-तोटा दाखवायचा फॉर्म, मला त्या टेबलावर कळलं.

आता नोकरीचं, कारण सगळ्या मैत्रिणी हेच विचारतात. कॉलेजच्या नुसत्या सर्टिफिकेटवर अकाउंट्स पेयेबल (कंपनीने द्यायची बिलं बघणं) किंवा बुककीपिंगपर्यंत जाता येतं, मलाही एका छोट्या ऑफिसात क्विकबुक्स या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर पार्टटाइम मिळालं. पण त्यावरच थांबू नका असं मी कळकळीने सांगेन. ब्युरो ऑफ लेबर स्टॅटिस्टिक्स या सरकारी खात्याचे मे 2024 चे आकडे बघा, बुककीपिंग क्लार्कचा मध्यक (मीडियन) पगार वर्षाला 49,210 डॉलर, अकाउंटंट-ऑडिटरचा 81,680, आणि क्लार्कच्या नोकऱ्या पुढे घटणार असा त्यांचाच अंदाज आहे.

ज्यांची भारतातली डिग्री आहे त्यांनी आधी ट्रान्सक्रिप्टचं इव्हॅल्युएशन, म्हणजे गुणपत्रिका इथल्या हिशेबात तपासून घेणं, करून घ्या, आपली तीन वर्षांची डिग्री कशी धरतात ते कळल्याशिवाय कोर्स निवडू नका. मी उलटं केलं आणि एक सेमिस्टर घालवलं. सीपीए (आपल्याकडच्या सीएसारखी पात्रता) परीक्षेला बसायला डिग्रीबरोबर अकाउंटिंग आणि बिझनेसचा अभ्यास लागतो, त्यातले कमी पडणारे युनिट इथे स्वस्तात भरून काढता येतात. आणि एवढं थांबायचं नसेल तर एनरोल्ड एजंट, म्हणजे आयआरएसचा परवाना असलेला टॅक्स सल्लागार, आहे, तीन पेपर, डिग्रीची अटच नाही.

मी सध्या एनरोल्ड एजंटच्या पहिल्या पेपरची तयारी करतेय, मुलगी झोपली की रात्री साडेनऊ ते साडेअकरा.