दुसरी पाळी, साडेतीन ते बारा: आमच्या बारची भिंत आणि पेंटरकाका

लोअर परळला आमचा छोटा बार आहे. आमचा म्हणजे तिघांचा, त्यात हिशेब माझ्याकडे. आत शिरल्यावर डाव्या हाताला २२ फूट लांब, ९ फूट उंच भिंत आहे. तिच्यावर आधी छापील विनाइल लावायचं ठरलं होतं. डिझायनरने गिरणगाव काढून आणलं: चिमणी, धूर, सायकल, आणि खाली ठसठशीत 'लालबाग परळ'. दिसत होतं छान, पण दोन्ही 'ल' दंड्याचे, हिंदी पाठ्यपुस्तकातल्यासारखे. मराठीत पाकळीचा ल आणि देठाचा श लिहावा असा शासननिर्णय २००९ सालीच निघालाय, पण फॉन्टला कोण सांगणार! मी म्हटलं, लालबागचा ल जर लालबागचा नसेल तर पैसे कशाला घालवायचे?

पेंटरकाका मिळाले ते गल्लीतल्या मंडळाच्या फलकावरून. फ्लेक्सच्या गर्दीत तेवढा एकच हाताने रंगवलेला होता. वय सत्तरीला टेकलेलं, बोलणं कमी. पहिल्या दिवशी त्यांनी डिझाइन बघितलंच नाही. भिंतीवरून तळवा फिरवला आणि बेसिनकडच्या कोपऱ्यात थांबून म्हणाले, "इथे ओल आहे." आम्ही म्हटलं, वॉटरप्रूफिंग झालंय. ते काही बोलले नाहीत. (हा कोपरा लक्षात ठेवा.)

आधी मला 'बाईसाहेब' म्हणत होते. माझे वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते, डिलाईल रोडच्या चाळीत वाढले, हे कळल्यावर 'अगं' वर आले. मग काम खऱ्या अर्थाने सुरू झालं, कारण आता ते मला बिनधास्त नाही म्हणू शकत होते.

त्यांचा हात बघण्यासारखा आहे. पुट्टी, घासकाम, प्रायमर झालं की सुतळीला नीळ लावून दोघांनी ताणून धरायची आणि मधोमध एक फटका. सरळ निळी रेघ उमटते. मोठी अक्षरं आधी खाकी कागदावर काढतात, सुईने कडेकडेने भोकं पाडतात आणि कागद भिंतीला लावून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी थोपटतात. छोट्या अक्षरांना कागद लागत नाही. डाव्या हातात काठी, तिच्या टोकाला चिंध्यांचा गोळा, त्यावर उजवं मनगट टेकवायचं आणि ब्रश चालवायचा. शिरोरेषा सगळ्यात शेवटी. ती ओढताना खोलीत कोणी बोललेलं त्यांना चालत नाही. आमच्या आचाऱ्याने एकदा त्याच वेळी मिक्सर लावला. त्या ओळीतल्या 'पाळी'ची रेघ आजही किंचित वर उडालेली आहे. मला ती आवडते, त्यांना नाही.

काउंटरच्या वर तीन घड्याळं आहेत, गिरणीच्या तीन पाळ्यांची. मी पहिली पाळी सात ते तीन लिहून दिली होती. घरी वडिलांना कागद दाखवला तर ते जवळजवळ ओरडलेच, "साडेतीन! तीनला कोण सोडत होतं?" म्हणून सात ते साडेतीन, साडेतीन ते बारा, बारा ते सात. दुसऱ्या घड्याळाखाली लाल अक्षरात 'दुसरी पाळी'. आमचा बारही दुपारी साडेतीनलाच उघडतो, त्यामुळे आता गिऱ्हाईकं फोनवर विचारतात, "दुसऱ्या पाळीला टेबल आहे का?" ही जाहिरात मला कुठल्याही एजन्सीने दिली नसती.

खरा वाद झाला नारायण मेघाजी लोखंडेंवरून. माझी कल्पना अशी: काउंटरमागे त्यांचं मोठं चित्र. १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना त्यांनी उभी केली, आणि वर्षानुवर्षे मागणी लावून धरल्यावर १० जून १८९० ला कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. आमच्या धंद्यात रविवारसारखा वार नाही. तो ज्यांनी मिळवून दिला त्यांना भिंतीवर मान नको? काकांनी ब्रश डब्यात ठेवला. "त्यांच्यापुढे बाटल्या मांडणार तू?"

माझा भागीदार कायदा काढून बसला. दारू मिळते त्या ठिकाणच्या पाटीवर महापुरुषांची किंवा गडकिल्ल्यांची नावं नकोत असा नियम २०२२ पासून आहे, पण तो बाहेरच्या नामफलकापुरता, आतल्या भिंतीला लागू नाही. काका म्हणाले, "कायदा पाटीचं सांगतो. मी भिंतीचं सांगतोय." विषय संपला. आता तिथे चार फुटी अक्षरांत फक्त 'रविवार' आहे आणि खाली बारीक '१० जून १८९०'. चित्रापेक्षा हे चांगलं झालं, हे मला मान्य करायला आठवडा लागला. चित्र असतं तर लोकांनी फोटो काढून सोडून दिलं असतं. आता विचारतात. आमचा वेटर ती गोष्ट दर वेळी थोडी वाढवून सांगतो.

गिरण्यांच्या नावांच्या रांगेतही त्यांनी कात्री लावली. फिनिक्स, कमला, डॉन, मफतलाल, एल्फिन्स्टन आहेत. श्रीराम आणि सीताराम नाहीत. "देवांना इथे बसवू नको."

१९८२ चं काय करायचं हा प्रश्न उरला. १८ जानेवारीला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. आमच्या घरात त्या वर्षाबद्दल फारसं बोलत नाहीत. काकांनी त्या काळात मोर्चांचे कापडी फलक रंगवले होते, बरेचसे उधारीवर, आणि ती उधारी कधी फिटली नाही हे त्यांनी हसत सांगितलं. त्यांनीच सुचवलं तसं चौथं घड्याळ काढलंय, काट्यांशिवाय. त्याखाली शब्द नाही, तारीख नाही.

आता हिशेब. चौरस फुटाला ३०० रुपये, रंग आपला. मजुरी साठ हजारांच्या थोडी आत बसली. विनाइल याच्या निम्म्यात झालं असतं. बारा दिवस सांगितले होते, लागले सव्वीस. मधले चार दिवस न सांगता गायब, फोन बंद. कुठल्या तरी मंडळाचं काम होतं म्हणे. ऑइल पेंट आणि टर्पेंटाइनचा वास इतका की तीन दिवस गल्ला बंद ठेवावा लागला, आणि हे आधी सांगायला हवं होतं. तो माझा सगळ्यात मोठा राग आहे. काम द्यायचं तर सणावारांपासून लांबची तारीख धरा, बार बंद ठेवायचे दिवस हिशेबात घ्या आणि मजकूर पक्का समजू नका. पण अक्षर हवं असेल तर त्यांनाच बोलवा. बिअरला २१ आणि कडक दारूला २५ वर्षं पूर्ण हवीत ही सक्तीची सूचनासुद्धा त्यांनी अशी लिहिलीय की लोक तिचेही फोटो काढतात.

बेसिनकडचा कोपरा दिवाळीपर्यंत फुगला आणि 'एल्फिन्स्टन'मधला 'टन' गळून पडला. मी फोन केला. "सांगितलं होतं ना?" एवढंच म्हणाले. दुरुस्तीचे पैसे घेणार नाहीत, गणपतीनंतर येतो म्हणाले. कुठल्या वर्षीच्या, ते मी विचारलं नाही.