लढतीचे खेळ आणि रॅकेटचे खेळ : खेळाडूची शारीरिक क्षमता कोणत्या चाचणीने मोजावी?

ज्युदो, कुस्ती, बॉक्सिंग, तायक्वांदो यांसारखे लढतीचे खेळ शिकवणारा प्रशिक्षक असो किंवा बॅडमिंटन, टेनिस, स्क्वॉश शिकवणारा, हंगामाच्या सुरुवातीला दोघांनाही एकच प्रश्न पडतो : खेळाडूची तयारी मोजायची तर कोणती चाचणी घ्यायची? चाचण्यांना तोटा नाही. तोटा असतो तो वेळेचा, साधनांचा आणि पुष्कळदा हेतूच्या स्पष्टतेचा. माझा निकष साधा आहे. जो आकडा हाती आल्यावर पुढच्या महिन्याच्या सरावात काहीच बदलणार नसेल, तो मिळवण्यासाठी खेळाडूला दमवू नये. पुढची सगळी तुलना याच निकषावर केली आहे.

वरवर पाहता दोन्ही प्रकार सारखेच वाटतात, कारण दोन्हींत थोडा वेळ जीव तोडून मेहनत आणि मग थोडी उसंत असा क्रम चालतो. कुस्तीत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि मध्ये ३० सेकंदांची विश्रांती असते, ज्युदोची लढत ४ मिनिटांची असते, तर टेनिसमध्ये एक गुण संपल्यावर पुढच्या सर्व्हिससाठी २५ सेकंद मिळतात. फरक आहे तो शरीरावर पडणाऱ्या भाराचा. लढतीत प्रतिस्पर्ध्याचे शरीर हाच भार असतो आणि तो भार आपल्याविरुद्ध सतत जोर लावत असतो. रॅकेटच्या खेळाडूला फक्त स्वतःचे वजन वाहायचे असते, पण ते वजन एका सामन्यात शेकडो वेळा वेगात न्यावे लागते, थांबवावे लागते आणि उलट वळवावे लागते. म्हणून पहिल्या गटात जोर किती वेळ टिकतो हे महत्त्वाचे ठरते, तर दुसऱ्यात पहिले पाऊल किती लवकर पडते आणि वेग किती सफाईने आवरला जातो हे. दोन्ही गटांना एकच चाचणी लावली की हा फरक हरवतो.

दमसासासाठी धावण्याच्या तीन चाचण्या सर्रास वापरल्या जातात. २० मीटरच्या अंतरात ये-जा करायला लावणारी बीप टेस्ट ल्यूक लेजे यांच्या कामातून पुढे आली. तिच्या प्रचलित रूपात ताशी ८.५ किलोमीटरने सुरुवात होते आणि दर मिनिटाला वेग अर्ध्या किलोमीटरने वाढतो. धावणे अखंड असल्यामुळे ती या दोन्ही गटांच्या खेळापासून दूर जाते. येन्स बांग्सबो यांच्या यो-यो चाचणीत दर ४० मीटरनंतर १० सेकंदांची उसंत आहे. मार्टिन बुशाइट यांच्या ३०-१५ चाचणीत ३० सेकंद धावणे आणि १५ सेकंद चालणे असा क्रम आहे. रॅकेटच्या खेळाडूंसाठी मी निःसंकोच ३०-१५ निवडेन, कारण तिच्या शेवटी हाती येणारा वेग थेट सरावात उतरवता येतो. समजा, एका खेळाडूचा अंतिम वेग ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५ मीटर आला. मग त्याच्या ९० टक्के वेगाने १५ सेकंदांत ६७.५ मीटर होतात आणि वळणांसाठी थोडे कमी धरून त्याचा पल्ला कोर्टावरच आखून देता येतो. बीप टेस्टच्या पातळीवरून असे काही ठरवायचे तर मध्ये बरेच अंदाज बांधावे लागतात.

लढतीच्या खेळाडूला मात्र कोणतीही धावण्याची चाचणी अपुरीच पडते. वजनदार पैलवान बीप टेस्टमध्ये लवकर बाहेर पडतो, कारण प्रत्येक वळणावर त्याला जास्त वजन थांबवावे लागते. पण मॅटवर तेच वजन त्याच्या उपयोगाचे असते. ज्युदोसाठी या अडचणीवर चांगला तोडगा आहे. पोलंडच्या स्टानिस्लाव्ह स्टर्कोविच यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या विशेष ज्युदो क्षमता चाचणीत जवळपास सारख्याच उंची-वजनाचे दोन जोडीदार एकमेकांपासून ६ मीटरवर उभे राहतात आणि खेळाडू बरोबर मध्यावरून सुटतो. एकाकडे धावत जायचे, इप्पॉन सेओइ नागे (खांद्यावरून फेकण्याचा डाव) करून त्याला फेकायचे, उलट वळायचे आणि दुसऱ्याला फेकायचे, असे आधी १५ सेकंद आणि मग दोनदा ३०-३० सेकंद चालते. मध्ये १०-१० सेकंदांची उसंत असते. संपल्याबरोबर आणि त्यानंतर बरोबर एका मिनिटाने हृदयाचे ठोके मोजायचे, दोन्हींची बेरीज करायची आणि तिला एकूण फेकींनी भागायचे. येणारा निर्देशांक जितका कमी, तितकी तयारी चांगली.

ही चाचणी मला मनापासून पटते, कारण तिच्यात धाव, वळण, पकड, उचल आणि दम हे सगळे एकाच वेळी पणाला लागते. तरीही नुसता निर्देशांक वहीत लिहून थांबणे धोक्याचे आहे. एका खेळाडूने २४ फेकी केल्या आणि त्याचे ठोके १७० वरून मिनिटभरात १४८ वर आले, असे धरू. ३१८ भागिले २४, म्हणजे १३.२५. दुसऱ्याने २८ फेकी केल्या, पण त्याचे ठोके १९० वरून जेमतेम १८१ वर उतरले. ३७१ भागिले २८, म्हणजे पुन्हा १३.२५. आकडा एकच, पण पहिल्याला वेग आणि स्फोटक ताकद हवी आहे, तर दुसऱ्याला दम परत मिळवण्याची क्षमता. दोघांना सारखाच सराव दिला तर एकाचे नुकसान ठरलेलेच. म्हणून फेकी, लगेचचे ठोके आणि मिनिटानंतरचे ठोके हे तिन्ही आकडे वेगवेगळे नोंदवावेत. मानेला बोटे लावून १५ सेकंद नाडी मोजली आणि त्यात एक जरी ठोका चुकला, तरी मिनिटाच्या हिशेबात ४ ठोक्यांची तफावत पडते. शिवाय पहिल्या काही सेकंदांतच ठोके झपाट्याने उतरू लागतात, त्यामुळे छातीला बांधायच्या पट्ट्यावर केलेला खर्च इथे सार्थकी लागतो. जोडीदार बदलले तरी निकाल बदलतो, हेही विसरू नये.

तायक्वांदोसाठी १० सेकंदांत जास्तीत जास्त बंदाल चागी (बाजूने फिरवून मारायच्या) लाथा मारण्याची चाचणी आहे. तिचे पाच फेऱ्यांचे रूप घेतले, मध्ये १०-१० सेकंद थांबले, की थकव्याचा अंदाज येतो. मात्र घसरणीचा टक्का, म्हणजे सर्वोत्तम फेरीच्या पाचपटीपेक्षा एकूण लाथा किती टक्के कमी पडल्या तो आकडा, फसवू शकतो. २०, १९, १८, १७, १६ अशा एकूण ९० लाथा मारणाऱ्याची घसरण १० टक्के निघते, तर १७, १८, १८, १८, १७ असा हात राखून खेळणाऱ्याची जेमतेम २.२ टक्के, आणि त्याच्या एकूण लाथा मात्र ८८ असतात. एकूण संख्या आणि पहिली फेरी बाजूला ठेवून टक्का वाचला, तर जीव राखणारा खेळाडू पुढे दिसतो.

आता कोर्टाकडे वळू. बॅडमिंटनमध्ये मध्यावरून चार किंवा सहा कोपऱ्यांत जाऊन परतण्याच्या चाचण्या आहेत, टेनिसमध्ये पाच ठिकाणी ठेवलेले चेंडू एकेक करून गोळा करण्याची चाचणी आहे. क्रम आधीच ठरलेला असेल तर या चाचण्या दिशा बदलण्याचे कौशल्य मोजतात, चपळाई नव्हे. चपळाईत समोरच्याचा हात वाचून निर्णय घेणेही येते. प्रशिक्षकाने हाताने दिशा दाखवली तर त्याच्या स्वतःच्या हालचालीचा उशीर निकालात मिसळतो. पेटणारे दिवे मिळाले तर तो दोष जातो, पण प्रतिस्पर्ध्याचा खांदा वाचण्याची सवय दिव्याकडे पाहून मोजता येत नाही. त्यामुळे साधनांची चणचण असेल तिथे मी ठरलेल्या क्रमाचीच चाचणी घेईन, तिला दिशाबदलाची चाचणीच म्हणेन आणि खेळ वाचण्याचे मोजमाप सामन्यांवर सोडेन.

दिशाबदलासाठी ५०५ चाचणीही आहे. तिच्यात वेगात येऊन शेवटचे ५ मीटर जायचे, उलट वळायचे आणि तेच ५ मीटर परत यायचे. तिचा खरा उपयोग १० मीटर धावेशी तुलना केल्यावर होतो. दोन खेळाडूंना ५०५ मध्ये २.४० सेकंदच लागले, पण सरळ १० मीटरला एकाला १.८० आणि दुसऱ्याला १.९५ सेकंद लागले, तर वळणात पहिल्याचे ०.६० आणि दुसऱ्याचे ०.४५ सेकंद जातात. पहिला वेगवान आहे, पण त्याला थांबणे जमत नाही. त्याला आणखी धावण्याचा सराव देऊन फारसे हाती लागणार नाही. ही बारकाई फोटोसेलनेच, म्हणजे प्रकाशकिरण तुटताच वेळ नोंदवणाऱ्या साधनानेच, साधते. अंगठ्याने दाबायच्या स्टॉपवॉचची ०.१ सेकंदाची चूक २.४ सेकंदांच्या चाचणीत चार टक्क्यांहून मोठी ठरते, मिनिटभराच्या चाचणीत ती नगण्य असते. हातात फक्त स्टॉपवॉच असेल तर लांब चाचण्या निवडाव्यात.

उभी उडी ही दोन्ही गटांना खरोखर उपयोगी पडणारी चाचणी आहे. पायाखालचा जोर मोजणारी फोर्स प्लेट सर्वांत चांगली, कारण जोर कसा आणि किती वेळात लागला हे ती दाखवते. जम्प मॅट आणि मोबाईल मात्र हवेतल्या वेळावरून उंची काढतात. अर्धा सेकंद हवेत राहिलेला खेळाडू सुमारे ३१ सेंटीमीटर उडालेला असतो. सेकंदाला २४० चित्रे टिपणाऱ्या कॅमेऱ्यात एका चित्राची चूक जेमतेम अर्ध्या सेंटीमीटरची, तर ३० चित्रांच्या कॅमेऱ्यात तीच चार सेंटीमीटरची होते. गुडघे दुमडून उतरणाऱ्याची उडी उगाच उंच भरते, म्हणून पाय सरळ ठेवून उतरायला आधी शिकवावे.

पकडीच्या बाबतीत डायनामोमीटर (मुठीत दाबून जोर मोजायचे साधन) काही क्षणांचा कमाल जोर दाखवतो, पण ज्युदोत गरज असते ती जोर टिकवण्याची. आडव्या दांड्यावर टाकलेला ज्युदोगी (ज्युदोचा जाड पोशाख) धरून लटकण्याची चाचणी तिथे जास्त बोलकी ठरते. रॅकेटच्या खेळाडूंना डायनामोमीटर पुरेसा आहे, आणि त्यांच्या खेळत्या हाताची पकड जास्त भरली म्हणून घाबरू नये.

प्रयोगशाळेतल्या ३० सेकंदांच्या विंगेट सायकल चाचणीत खेळाडूच्या वजनाच्या दर किलोमागे साधारण ०.०७५ किलो भार लावला जातो. रॅकेटवाल्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये, कारण सलग ३० सेकंद सर्वस्व ओतण्याची वेळ त्यांच्या खेळात क्वचितच येते. ज्युदोपटू आणि पैलवानांना तिचे हातांनी फिरवायचे रूप उपयोगी आहे, पण वर्षातून एक-दोनदाच.

निवड करायची तर बॅडमिंटन वा टेनिसच्या प्रशिक्षकाने ३०-१५, उभी उडी आणि फोटोसेल असतील तर ५०५ घ्यावी. ज्युदोच्या प्रशिक्षकाने विशेष ज्युदो चाचणी, ज्युदोगीचे लटकणे आणि उभी उडी घ्यावी. कुस्ती आणि बॉक्सिंगच्या प्रशिक्षकांनी उडीला आपल्या खेळातली एखादी ठरीव फेरी जोडावी आणि तिचे नियम एकदा लिहून काढल्यावर हंगामभर बदलू नयेत. वजन उतरवण्याच्या आठवड्यात लढतीच्या खेळाडूची चाचणी मुळीच घेऊ नये. पाणी तोडलेल्या शरीराचे ठोके चढे असतात, त्यामुळे ज्युदोचा निर्देशांक विनाकारण बिघडतो. उलट वजन घटल्यामुळे लटकण्याचा वेळ वाढू शकतो आणि पकड सुधारल्याचा भास होतो. म्हणून प्रत्येक नोंदीशेजारी त्या दिवसाचे वजन, वेळ आणि शेवटचा कठीण सराव कधी झाला हे लिहिलेले असावे. या तीन गोष्टी जुळत नसतील, तर दोन महिन्यांपूर्वीच्या आकड्याशी तुलना करू नये.