२००९ ची नोंदणी, २००८ चं इंजिन : पोर्शे केमन घेताना झालेली माझी फसवणूक

मागच्या आठवड्यात एका मित्राने मला वापरलेल्या पोर्शे केमन या स्पोर्ट्स कारची जाहिरात पाठवली आणि विचारलं, "घेऊ का?" फोटो बघितले आणि पोटात गोळा आला. गाडी माझ्यापेक्षा वेगळी होती, पण मागचे एलईडी दिवे तसेच, "पहिली नोंदणी २००९" ही ओळ तशीच, आणि विकणारा तोच, ज्याने मला फसवलं होतं. मित्राला लगेच फोन करून थांबवलं. पण ती जाहिरात बघणाऱ्या बाकीच्यांना मी ओळखत नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आधी इंजिनाचं सांगतो, कारण फसवणूक तिथेच आहे. या पिढीची केमन, जिला कंपनीच्या आकड्यात ९८७ म्हणतात, २००५ च्या अखेरीस 'एस' रूपात आली : ३.४ लिटर, २९५ हॉर्सपॉवर. पुढच्या वर्षी साधी केमन आली, २.७ लिटर आणि २४५ हॉर्सपॉवरची. मग २००९ च्या मॉडेलला फेसलिफ्ट झालं, म्हणजे तीच पिढी सुधारून पुन्हा बाजारात आली. साध्या गाडीत २.९ लिटर, २६५ हॉर्सपॉवर आणि 'एस'मध्ये नवं ३.४, ३२० हॉर्सपॉवर. २.७ आणि २.९ यांच्यात कागदावर फरक वीस हॉर्सपॉवरचा. तेवढ्यासाठी कोणी जादा पैसे मोजावेत असं मीही म्हणणार नाही. पण फेसलिफ्टला नुसतं इंजिन मोठं झालं नाही, ते मुळापासून बदललं.

जुन्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, खाली एक मधला शाफ्ट असतो, इंटरमीडिएट शाफ्ट. क्रँकची गती त्याच्यामार्फत साखळ्यांनी व्हॉल्व्ह उघड-बंद करणाऱ्या कॅमशाफ्टपर्यंत जाते. या शाफ्टचं फ्लायव्हीलकडचं टोक एका बेअरिंगवर फिरतं. ते बेअरिंग फुटलं की व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ, म्हणजे टायमिंग, बिघडतं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन संपतं. केमनच्या आधीच्या गाड्यांत हा त्रास इतका झाला की २००१ ते २००५ या काळातल्या पोर्शेच्याच बॉक्स्टर आणि ९११ गाड्यांबद्दल अमेरिकेत सामूहिक दावा झाला आणि २०१३ मध्ये त्यात तडजोड झाली. पुढे कंपनीने बेअरिंग मोठं केलं आणि ते फुटण्याचं प्रमाण खूपच कमी झालं. हे मी मुद्दाम लिहितोय, २.७ वाल्यांनी घाबरून जाऊ नये म्हणून. फक्त हे मोठं बेअरिंग काढायचं तर इंजिनाचं मुख्य कवच, म्हणजे क्रँककेसच उघडावं लागतं. २००९ च्या फेसलिफ्टमध्ये हा मधला शाफ्टच नाही. जी वस्तूच नाही ती फुटणार कशी, एवढा साधा माझा विचार होता.

मग २.९ की नवं ३.४? नव्या ३.४ मध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. २.९ मध्ये ते जुन्या पद्धतीने सिलिंडरच्या आधी, हवा आत येण्याच्या वाटेत (इनटेक पोर्टमध्ये) फवारलं जातं, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जातात आणि त्यांच्यावर कार्बन फारसा साचत नाही. ताकद कमी, पण भानगडी कमी. गाडी दहा वर्षं ठेवायची होती, म्हणून २.९ ठरवली. सहा महिने वाचून, लोकांशी बोलून ठरवली. हा निर्णय माझा होता आणि आजही मला तो बरोबरच वाटतो.

आता गाडीकडे येतो. केमनचं इंजिन सीटच्या मागे, गाडीच्या पोटात असतं. पुढचं झाकण उघडलं तर डिकी, मागचं उघडलं तरी डिकीच. मागच्या डिकीत तेल आणि कूलंट भरायची दोन टोपणं दिसतात, बस. दुसऱ्या गाडीच्या वेळी आपण बॉनेट उघडून इंजिनावर नजर तरी टाकतो, इथे तेही सहज शक्य नाही. त्यामुळे इंजिन कोणतं आहे हे सगळं बाहेरच्या खुणांवरून ओळखायचं आणि बाहेरच्या खुणा बदलता येतात.

मला दाखवलेल्या गाडीवर मागे फेसलिफ्टचे एलईडी दिवे होते. पुढचा बंपरही फेसलिफ्टचाच, बाजूच्या जाळ्यांत एलईडीच्या पट्ट्या असलेला. गिअर सहा. मला माहीत होतं की जुन्या २.७ ला पाच गिअर आणि २.९ ला सहा. म्हणून गिअरच्या मुठीवरचा ६ चा आकडा बघून माझी खात्रीच पटली. जुन्या २.७ लाही सहा गिअर पर्याय म्हणून मिळत होते, हे मात्र मला माहीत नव्हतं. डॅशबोर्डवर बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टिम होती. फेसलिफ्टमध्ये कंपनीची टचस्क्रीन पर्याय म्हणून मिळायची, जुन्या गाडीत नाही. कंपनीची मूळची सिस्टिम जागेवर असती तर गाडी जुनी आहे हे कदाचित त्याच क्षणी कळलं असतं.

पुढच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कंपनीचं एक पांढरं लेबल असतं. त्यावर चेसिस नंबर, इंजिन आणि गिअरबॉक्सचे कोड आणि गाडीवर घेतलेल्या पर्यायांचे आकडे छापलेले असतात. तसंच लेबल सर्व्हिस बुकातही चिकटवलेलं असतं. या गाडीच्या झाकणावर ते नव्हतं. मी विचारलं, तर विकणारा म्हणाला, "सर, झाकणाला रंग दिला तेव्हा निघालं." सर्व्हिस बुक? "आधीच्या मालकाने हरवलं." दोन्ही उत्तरं पटण्यासारखी होती. पण इंजिन कोणतं ते सांगणाऱ्या दोन्ही जागा एकाच गाडीत एकाच वेळी कोऱ्या कशा, हे त्या दिवशी माझ्या मनात आलं नाही. संध्याकाळी दुसरा गिऱ्हाईक येणार म्हणून त्याने घाई लावली होती आणि मी त्या घाईत सापडलो.

आदल्या दिवशी मी मेसेज केला होता, "इंजिन कोणतं?" त्याचं उत्तर होतं, "२००९ फेसलिफ्ट, नवीन इंजिन." २.९ हा आकडा त्याने लिहिला नाही. नोंदणीच्या कागदाचा फोटो पाठवला, तो वरच्या अर्ध्याचा. नाव, नंबर, नोंदणीची तारीख, आणि खाली जिथे इंजिनाची क्षमता लिहिलेली असते तिथे फोटो संपलेला. मूळ कागद पैसे दिल्यावर काही दिवसांनी हातात आले. त्यावर २,६८७ सीसी स्पष्ट छापलेलं होतं. २.९ असती तर तिथे २,८९३ असतं. पण मी तेव्हा फक्त माझं नाव बरोबर आलंय ना, एवढंच बघितलं आणि कागद कपाटात ठेवले.

घेण्याआधी तपासणी केली होती. ती करणारा माणूस विकणाऱ्यानेच सुचवला होता, ही चूक माझीच. त्याने रंगाची जाडी मोजली, टायर आणि ब्रेक बघितले, स्कॅनर लावून फॉल्ट कोड काढले. अहवालातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. इंजिन कोणतं आहे, हा प्रश्नच त्यात नव्हता. चालवून बघताना खालच्या वेगात गाडी जरा सुस्त वाटली. २.७ चा टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, २७३ न्यूटन मीटर, २.९ चा ३००. पण त्याआधी मी २.९ कधी चालवलीच नव्हती, मग तुलना कशाशी करणार?

सहा महिन्यांनी क्लच घसरायला लागला. ज्यांच्याकडे गाडी टाकली ते मेकॅनिक वयाने मोठे, या गाड्यांवर हात बसलेले. गिअरबॉक्स उतरवला, क्लच आणि फ्लायव्हील काढलं आणि त्यांनी मला गाडीखाली बोलावलं. "साहेब, तुम्ही २.९ म्हणाला होतात ना?" त्यांनी टॉर्च मारला. क्रँकच्या ऑइल सीलच्या खाली एक गोल झाकण होतं, तीन बोल्टनी बसवलेलं, मधोमध एक मोठा नट. कडेला तेलाचा ओशट थर. "हे मधल्या शाफ्टचं झाकण. २.९ ला हे असतच नाही. ही २.७ आहे." मग मागच्या डिकीत शिरून त्यांनी दिव्यामागचं कव्हर काढलं. मूळ वायरिंगच्या कनेक्टरला जोडलेला एक जादा अडॅप्टर निघाला, काळ्या टेपने गुंडाळलेला. जुन्या गाडीला नवे दिवे लावायचे तर असाच अडॅप्टर लागतो. दोन मिनिटं मला काही बोलताच येईना. त्यांनी मला बसायला स्टूल दिलं.

घरी येऊन चेसिस नंबर बघितला. तो काचेतून डॅशबोर्डच्या कोपऱ्यात बाहेरूनही वाचता येतो. सतरा अक्षरांतलं दहावं मॉडेलचं वर्ष सांगतं : २००८ साठी ८, २००९ साठी ९. माझ्या गाडीला ८. म्हणजे गाडी २००८ च्या मॉडेलची, विकली न गेल्यामुळे शोरूममध्ये पडून राहिलेली आणि २००९ मध्ये नोंदवलेली. नोंदणीची तारीख शंभर टक्के खरी होती. पुढे अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून चेसिस नंबरवरून मूळ तपशील काढून घेतला. इंजिनाचा कोड एम ९७.२०, म्हणजे जुनं २.७.

विकणाऱ्याला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "सर, मी २.९ कुठे म्हटलं? करारात 'पहिली नोंदणी २००९, आहे त्या स्थितीत' असं लिहिलंय, तुमची सही आहे." करार पुन्हा वाचला. खरंच इंजिनाचा उल्लेखच नव्हता. मला आधार होता तो फक्त त्या मेसेजचा, त्यातल्या "फेसलिफ्ट" आणि "नवीन इंजिन" या शब्दांचा. वकिलाने तो मेसेज, अडॅप्टरचे फोटो आणि सर्व्हिस सेंटरचा तपशील जोडून नोटीस पाठवली. चार महिन्यांनी त्याने थोडी रक्कम परत केली. दोन इंजिनांच्या गाड्यांतल्या किमतीच्या फरकाच्या निम्मीही ती नव्हती. मी घेतली, कारण कोर्टाची फेरी मला झेपणारी नव्हती.

तुम्ही केमन किंवा बॉक्स्टर बघत असाल तर दिवे, बंपर, मागची अक्षरं यांच्याकडे शेवटी बघा. आधी काचेतून दहावं अक्षर वाचा. नोंदणीच्या कागदाचा पूर्ण फोटो मागा, सीसीच्या आकड्यासकट. झाकणावरचं लेबल नसेल तर चेसिस नंबर घेऊन स्वतः सर्व्हिस सेंटरमध्ये जा आणि तो तपशील हातात पडेपर्यंत विसारही देऊ नका. गाडी रॅम्पवर घेऊन इंजिनावर खालच्या बाजूला कोरलेला नंबर बघायला सांगा. माणूस तुमचा असू द्या. करारात इंजिनाची क्षमता आणि मॉडेलचं वर्ष लिहून घ्या. विकणारा म्हणेल, "सर, कागदावर आहेच की." कागदावर आहे तर करारात लिहायला त्याची हरकत का असावी?

गाडी अजून माझ्याकडे आहे. नव्या क्लचवर ती छान चालते आणि त्या २.७ चा आवाज वरच्या वेगात ऐकावा असा आहे, हे मला मान्य करायला हवं. तिचं मी वाईट बोलत नाही, ती मला खोटं बोलली नव्हती. सर्व्हिस सेंटरकडून मी ते पांढरं लेबल पुन्हा मागवलं आणि पुढच्या झाकणाच्या आत मूळच्या जागी चिकटवलं. मित्राला परवा तेच उघडून दाखवलं. त्याने बोट ठेवून इंजिनाचा कोड मोठ्याने वाचला आणि त्याच्या फोनमधली ती जाहिरात पुन्हा उघडली. बारा फोटो होते. पुढचं झाकण उघडलेला त्यात एकही नव्हता.