आठ महिने निळ्या दिव्याखाली: निकेल-फोटोरेडॉक्सचा वापरानंतरचा अनुभव

माझा हात सुझुकी कपलिंगवर (पॅलेडियम आणि बोरॉनिक ॲसिड वापरून कार्बन-कार्बन बंध जुळवायची रिॲक्शन) बसलेला. दोन ॲरोमॅटिक रिंगा जोडायच्या तर पॅलेडियमला अजून तोड नाही. पण बोक-प्रोलिन या (संरक्षक गट लावलेल्या) अमिनो ॲसिडचा कार्बन पिरिडीनच्या रिंगेला जोडायची वेळ आली तेव्हा तीन आठवडे गेले आणि हाती काहीच लागलं नाही. मग निकेल-फोटोरेडॉक्सकडे, म्हणजे निकेल आणि उजेडाच्या जोरावर बंध जुळवायच्या पद्धतीकडे वळलो आणि निळा एलईडी दिवा मागवला.

ही पद्धत २०१४ ची. त्या वर्षी मॅकमिलन-डॉइल आणि मोलँडर या दोन्ही संशोधक गटांचे पेपर 'सायन्स' नियतकालिकात आले. उजेडाने चेतलेला फोटोकॅटॅलिस्ट (उजेड शोषून काम करणारा उत्प्रेरक) अमिनो ॲसिडच्या कार्बोक्सिलेटमधून इलेक्ट्रॉन काढतो, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि उरलेला रॅडिकल निकेल पकडतं. त्याच निकेलवर ॲरिल ब्रोमाइडही (ब्रोमीन लावलेली ॲरोमॅटिक रिंग) येऊन बसलेलं असतं, तिथे बंध जुळतो. बोरॉनिक ॲसिड बनवायची कटकट नाही. अमिनो ॲसिड थेट बाटलीतून.

पहिल्या महिन्यात यील्ड (हाती येणारं उत्पादन) कधी ७० टक्के, कधी १५. दोष कॅटॅलिस्टला दिला, निकेलला धरून राहणाऱ्या लिगँडला दिला, शेवटी ज्युनियरलाही दिला (त्याची माफी मागून झाली आहे). खरा घोळ दिव्याचा होता. पंखा नसला की वायल (रिॲक्शनची छोटी बाटली) चांगलीच तापायची, आणि दोन बोटं अंतर बदललं तरी निकाल बदलायचा. आता स्टँडवर मार्करने खूण केली आहे, शेजारी टेबलफॅन कायमचा. नारिंगी गॉगल मात्र टाळू नका, संध्याकाळी डोळे दुखतात.

ऑक्सिजनशी याचं हाडवैर. आर्गॉनचे बुडबुडे दहा मिनिटं सोडायचे म्हणजे दहाच, 'झालं असेल' म्हणून उरकायचं नाही. पावसाळ्यात आणखी एक त्रास: निकेल ज्यातून घेतो ते निकेल क्लोराइड-ग्लाइम ओल धरतं. पिवळी पूड हिरवट दिसू लागली की मी ती वापरत नाही.

फोटोकॅटॅलिस्ट म्हणून इरिडियमचं कॉम्प्लेक्स परवडेना, म्हणून फोर-सीझेड-आयपीएन या धातू नसलेल्या फोटोकॅटॅलिस्टवर आलो. मुळात हा ओएलईडी पडद्यांसाठीचा रेणू, जपानमध्ये अदाचींच्या गटाने २०१२ मध्ये पुढे आणलेला. कार्बाझोल आणि टेट्राफ्लुओरोआयसोथॅलोनायट्राइलपासून लॅबमध्येच होतो, पिवळाधमक. माझ्या सबस्ट्रेटांवर (जोडायच्या रेणूंवर) यील्ड इरिडियमपेक्षा जरा कमी, पण खर्च पाहता तक्रार नाही.

सायानो, ट्रायफ्लुओरोमिथिल असलेली ब्रोमाइड्स गुणी. मेथॉक्सीवाली रडतात; टीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे दाखवणारी पट्टी) ब्रोमीन गेलेला, नुसता हायड्रोजन लागलेला स्पॉट ठळक. ऑर्थोला, म्हणजे ब्रोमीनच्या लगतच्या जागी, काही असेल तर मी आता प्रयत्नच करत नाही.

गुरुवारी लाइट गेली की रिॲक्शनही जिथल्या तिथे थांबते. आली की पुन्हा चालू, आर्गॉन टिकलेला असेल तर.

मोठ्या मापावर मात्र तोंडघशी पडलो. पाच ग्रॅम एका मोठ्या फ्लास्कमध्ये लावले, दोन दिवसांनी निम्मं ब्रोमाइड तसंच. उजेड काचेपासून काही मिलिमीटरच आत शिरतो, त्यात बेस म्हणून घातलेल्या, न विरघळलेल्या सीझियम कार्बोनेटचा गढूळपणा. शिवाय गॅस सुटतो, तेव्हा झाकण घट्ट लावून घरी जाऊ नका. शेवटी वीस वायलांत वाटून काम भागवलं. आता दिव्याभोवती बारीक नळीचं वेटोळं करून त्यातून मिश्रण पंपाने ढकलतोय. सीझियम कार्बोनेटने पहिल्याच दिवशी नळी तुंबली, म्हणून विरघळणारा सेंद्रिय बेस घेतला आहे. तीन दिवस झाले, अजून तुंबली नाही.