काउंटरपासून कपाटापर्यंत: कोकणातल्या शस्त्र परवाना सेवेचं परीक्षण

पिस्तूल पसंत पडलं, पैसे भरले, बिल हातात आलं. आता ते गावी न्यायला वेगळा वाहतूक परवाना लागतो का? रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या नव्या परवानाधारकांचा हा नेहमीचा प्रश्न. अडचण एवढीच की तो बहुतेक वेळा बिल झाल्यावर विचारला जातो, आणि तोवर उशीर झालेला असतो. स्वतःच्या वापराचं एक शस्त्र स्वतःबरोबर आणणाऱ्याला व्यापाऱ्यासारखा निराळा वाहतूक परवाना लागत नाही. त्याच्या परवाना पुस्तिकेतल्या दोन नोंदी तेच काम करतात. एक म्हणजे परवाना कुठल्या क्षेत्रात चालतो, आणि दुसरी म्हणजे विकत घेतलेल्या शस्त्राचा तपशील. दोन्ही नोंदी बरोबर असतील तर प्रवास कायदेशीर. त्यातली एक जरी चुकली तरी खिशातलं बिल उपयोगाला येत नाही.

इथे परीक्षण आहे ते या संपूर्ण सेवेचं: जिल्ह्याची परवाना शाखा, ऑनलाइन प्रणाली, विक्रेत्याचा काउंटर आणि गावचं पोलीस ठाणं.

आधी दार कुठलं ठोठवायचं ते पाहू. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात परवाना प्राधिकारी म्हणजे जिल्हादंडाधिकारी, म्हणजेच जिल्हाधिकारी. रायगडातही तेच, पण पनवेल आणि उरणचा जो भाग नवी मुंबई पोलीस आयुक्तालयात येतो तिथे अर्ज पोलीस आयुक्तांकडे जातो. जमिनीचा सातबारा रायगडचा असला तरी राहतं घर कुठल्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत आहे यावर दार ठरतं. चुकीच्या दारात दिलेला अर्ज नाकारला जात नाही, तो पुढे 'वर्ग' होतो, आणि त्यात महिने जातात.

अर्ज ऑनलाइन भरायची सोय आहे आणि ती खरंच चांगली आहे. प्रत्येक परवानाधारकाला राष्ट्रीय नोंदवहीतला एक स्वतंत्र क्रमांक मिळतो, त्याला सगळे 'यूआयएन' म्हणतात. हा क्रमांक नसेल तर जुनी पुस्तिका कितीही जपून ठेवली असली तरी विक्रेत्याने शस्त्र देऊ नये. वडिलांच्या काळातले परवाने वारसाने नावावर करून घेणाऱ्यांनी खरेदीला निघण्याआधी हा क्रमांक तपासावा. शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत 3 ऐवजी 5 वर्षांची झाली आणि एका माणसाला जास्तीत जास्त 2 अग्निशस्त्रं ठेवता येतात, पूर्वी 3 चालत. घरात आजोबांची ठासणीची आणि वडिलांची बारा बोअर अशा दोन बंदुका आधीच तुमच्या नावावर असतील, तर पिस्तुलाला जागाच उरत नाही. शेतीसंरक्षणाच्या बंदुका कोकणात घरोघर आहेत, त्यामुळे हा पेच इथे जास्त पडतो. उपाय सरळ आहे. आधी एक बंदूक रीतसर विका किंवा जमा करा, मगच पिस्तुलाकडे वळा.

आता बोअर, म्हणजे नळीच्या आतलं माप. सर्वसाधारण परवान्यावर मिळतं ते .32 चं रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल, किंवा .22. 9 एमएम हा प्रतिबंधित बोअर आहे आणि त्याचा परवाना जिल्ह्यातून मिळत नाही, तो विषय केंद्रीय गृह मंत्रालयाचा. परवान्यावर 'रिव्हॉल्व्हर' लिहिलं असेल आणि दुकानात पिस्तूल आवडलं, तर खरेदीआधी शाखेतून शब्द बदलून घ्यावा लागतो. 'दोन्ही हॅन्डगनच की' या युक्तिवादाने काम होत नाही, आणि होऊही नये.

परवान्यावर खरेदीची मुदतही असते. ती संपली असेल तर मुदतवाढीचा अर्ज आधी, पैसे नंतर. आगाऊ रक्कम भरून महिनोन्‌महिने आपला नंबर लागायची वाट पाहणाऱ्यांची मुदत नेमकी याच काळात संपते.

काउंटरवर किमान अर्धा तास हातात ठेवा. बिलावर शस्त्राचा प्रकार, बोअर, बनवणारी कंपनी, बॉडी नंबर (शस्त्रावर कोरलेला नंबर), काडतुसांची संख्या, तुमचा परवाना क्रमांक आणि यूआयएन या सगळ्या गोष्टी हव्यात. मग विक्रेता पुस्तिकेत तोच तपशील भरून सही-शिक्का करतो. नंबर स्वतः वाचा, तोही शस्त्रावरून. डब्यावरच्या चिठ्ठीवरून नको. पिस्तुलाच्या फ्रेमवर, स्लाइडवर आणि नळीवर नंबर जिथे कोरलेला असेल तिथे तिथे तो जुळतो का पाहा. एका माणसाने नंबर मोठ्याने वाचावा, दुसऱ्याने पुस्तिकेवर बोट ठेवून तपासावा. या सेवेत सर्वांत जास्त घोळ इथेच होतो: दोन आकडे उलटसुलट पडतात, 3 चा 8 होतो, पुढचं अक्षर गळतं. तपासणी नाक्यावर हातातलं शस्त्र आणि पुस्तिकेतलं शस्त्र वेगळं निघालं, की ते तुमच्या परवान्यावरचं शस्त्र राहत नाही. चूक दिसलीच तर खाडाखोड करू देऊ नका. एक रेघ मारून शेजारी नवी नोंद, सही आणि शिक्का घ्या, आणि बिलही नव्याने करून घ्या.

काडतुसांची मर्यादा पुस्तिकेवर लिहिलेली असते: एका वेळी किती जवळ ठेवायची आणि वर्षात किती घ्यायची. विक्रेता देतोय म्हणून जास्त घेऊ नका. घेतलेल्या प्रत्येक खेपेची नोंद पुस्तिकेत हवी.

आता क्षेत्राकडे. कोकणात पिस्तुलांचा भरपूर साठा असलेलं दुकान जवळपास मिळणं कठीण, म्हणून लोक मुंबई, पुणे, कोल्हापूर गाठतात. परवाना महाराष्ट्रभर चालत असेल तर या तिन्ही ठिकाणांहून आणायला वेगळी परवानगी नको. फक्त जिल्ह्यापुरता असेल तर क्षेत्रवाढ किंवा आणण्याची लेखी परवानगी आधी घ्यावी लागते. आणि जिल्ह्याची हद्द कोकणात कधी ओलांडली जाते ते कळतही नाही. दाभोळहून धोपाव्याला जंगलजेटीने (गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने) गेलात तर दोन्ही काठ रत्नागिरीचे. पण वेश्वीहून बागमांडल्याला उतरलात की रायगड सुरू. खाडी तेवढीच दिसते, अधिकारक्षेत्र मात्र बदललेलं असतं.

थेट कानपूरच्या कारखान्यातून घेणारेही पुष्कळ आहेत. आयुध निर्माणी मंडळ 1 ऑक्टोबर 2021 पासून सरकारी कंपन्यांत विभागलं गेलं आणि कानपूरची स्मॉल आर्म्स फॅक्टरी अ‍ॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया लिमिटेडकडे आली. तिथून आणायचं तर महाराष्ट्रापुरता परवाना पुरत नाही. राज्याबाहेरून खरेदी करून आणण्याची परवानगी शाखेतून लेखी घ्या. अर्जात परवाना क्रमांक, यूआयएन, विक्रेत्याचं नाव-गाव, शस्त्राचा प्रकार आणि बोअर, काडतुसांची संख्या, प्रवासाचं साधन, मार्ग आणि तारखा लिहा. तारखा ताणून घ्या. नेमके चार दिवस मागितले आणि पावसात दरड कोसळून गाडी रद्द झाली, तर परवानगी संपलेली आणि पिस्तूल वाटेत, अशी गत होते. पंधरा दिवस मागावेत. मार्ग लिहिताना 'फोंडा घाट किंवा पर्यायी मार्ग' असं लिहून घ्यावं, कारण जुलै-ऑगस्टमध्ये कुठला घाट बंद होईल याचा भरवसा नसतो.

सिंधुदुर्गकरांनी विमानाच्या बाबतीत विशेष जपावं. सावंतवाडी, बांदा, दोडामार्गच्या माणसाला मोपा विमानतळ जवळचा, पण तो गोव्यात आहे. महाराष्ट्रापुरता परवाना घेऊन मोपाला उतरलात तर पत्रादेवीचा नाका गाठेपर्यंत तुम्ही परवान्याच्या क्षेत्राबाहेर असता. सिंधुदुर्गातल्याच चिपी विमानतळावर उतरण्यात हा धोका नाही. विमानात शस्त्र केबिनमध्ये चालत नाही. काउंटरवर स्वतःहून सांगायचं, रिकामं असल्याची खात्री करून द्यायची, लेखी हमीपत्र भरायचं आणि ते चेक-इन सामानात द्यायचं. काडतुसं वेगळ्या पक्क्या डब्यात, पुठ्ठ्यासकट 5 किलोच्या आत. विमान कंपनीचे स्वतःचे नियम आणि आकार असतात, ते तिकीट काढण्याआधी विचारा. विमानतळावरची तपासणी बहुतेकांना भीतीदायक वाटते, पण कागद नीट असतील तर या सगळ्या प्रवासातला तोच सर्वांत शिस्तीचा टप्पा आहे.

रेल्वेने किंवा गाडीने येताना नियम एकच: शस्त्र रिकामं, काडतुसं निराळ्या पिशवीत, मूळ पुस्तिका अंगावर. मोबाइलमधला फोटो दाखवून भागत नाही. शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 19 प्रमाणे पोलीस परवाना मागू शकतात आणि तो दाखवता आला नाही तर शस्त्र जप्त करू शकतात. कलम 20 प्रमाणे संशयास्पद रीतीने शस्त्र नेणाऱ्याला रेल्वेचे कर्मचारीसुद्धा अडवून ठेवू शकतात. म्हणून पिस्तूल सीटखाली, वरच्या रॅकवर किंवा एसटीच्या डिकीत टाकू नका. वडखळला किंवा संगमेश्वरला चहाला उतरताना गाडीत सोडून जाऊ नका. कुरिअरने पाठवण्याचा तर विचारही नको.

रिकामं करणं म्हणजे काय, हेही सांगायला हवं. पिस्तुलाचं मॅगझिन (गोळ्यांचा खोका) आधी काढायचं आणि मग स्लाइड (वरचा सरकणारा भाग) मागे ओढून चेंबर (नळीत गोळी बसते ती जागा) डोळ्यांनी आणि बोटाने तपासायचं. क्रम उलटा केला तर स्लाइड ओढल्यावर मॅगझिनमधली पुढची गोळी चेंबरमध्ये चढते, आणि 'रिकामं' समजलेलं पिस्तूल भरलेलं राहतं.

अभयारण्यांकडे जवळजवळ कोणी लक्ष देत नाही, आणि कोकणात तर ते द्यायलाच हवं. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या कलम 31 नुसार लेखी पूर्वपरवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात प्रवेश करता येत नाही. मुंबई-गोवा महामार्ग कर्नाळा अभयारण्यातून जातो. हमरस्त्याने जाणाऱ्याला प्रवेशाचा वेगळा परवाना लागत नाही, पण शस्त्राची अट निराळी आहे. तिथे थांबू नका, उतरू नका, फाटकातून आत वळू नका. कोल्हापूरहून दाजीपूरमार्गे येणाऱ्यांनी राधानगरीचंही भान ठेवावं. शक्यतो मार्गच बदला, नाहीतर वनखात्याला आधी विचारा.

त्याच कायद्याचं कलम 34 तर परवान्याच्या मुळाशी जातं. अभयारण्यापासून 10 किलोमीटरच्या आत नवा शस्त्र परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती लागते. मुरूड-रोह्यात फणसाड आहे, पनवेलजवळ कर्नाळा. आणि मालवण? तिथलं सागरी अभयारण्य 1987 चं, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवतालच्या पाण्यातलं. समुद्रात असलं तरी ते अभयारण्यच. मालवण शहरातला अर्ज बराच काळ हलला नाही तर पोलीस अहवालाच्या जोडीला ही संमती मागवली आहे का, हे शाखेत जाऊन विचारा.

जुनं पिस्तूल दुसऱ्या परवानाधारकाकडून घेणाऱ्यांसाठी एक वेगळी अट. विकणाऱ्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवून 45 दिवस पुरे झाल्याशिवाय शस्त्र हातात द्यायचं नाही. चव्वेचाळिसाव्या दिवशीही नाही. कळवल्याच्या अर्जावर तारखेसह आवक शिक्का घ्या, कारण दिवस त्यावरूनच मोजले जातात.

घरी पोचल्यावर काम संपत नाही. पुस्तिकेतल्या अटीप्रमाणे दिलेल्या मुदतीत शस्त्र, बिल आणि पुस्तिका घेऊन ठाण्यात आणि परवाना शाखेत हजर व्हायचं, तपासणी करून नोंद घ्यायची. बिलाच्या तीन प्रती न्या. ठाणे अंमलदाराकडून नोंदवहीतला क्रमांक आणि तारीख पुस्तिकेवर किंवा पोचेवर लिहून घ्या. तोंडी 'झालं, जा' यावर परतू नका. अटीचा भंग झाला तर शस्त्र अधिनियमाच्या कलम 30 खाली 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 2,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण मुदत संपलेला किंवा लागूच न होणारा परवाना असेल तर प्रकरण विनापरवान्याच्या कलमात जातं, आणि तिथे 2019 पासून किमान 2 वर्षांची कैद आहे.

गुण द्यायचे तर ऑनलाइन नोंदणीला पाचपैकी चार. यूआयएनमुळे बनावट परवान्यांना आळा बसतो आणि हे फार महत्त्वाचं आहे. ठाण्यातल्या नोंदीला साडेतीन. परवाना शाखेच्या माहितीफलकाला मात्र दोनच. खरेदी, क्षेत्र, राज्याबाहेरची परवानगी आणि तपासणी या चार टप्प्यांचे कागद कुठले, हे मराठीत एका पानावर छापून लावता येईल. मंडणगडहून रत्नागिरीला किंवा दोडामार्गहून ओरोसला येणाऱ्या माणसाचा एका राहिलेल्या प्रतीपायी अख्खा दिवस मोडतो. त्याला दोष देता येत नाही.

साठवणीकडे कोकणात विशेष लक्ष द्या. जून ते सप्टेंबर चामड्याच्या म्यानात पिस्तूल ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि आठवड्याभरात लोखंडावर तांबूस ठिपके उठतात. खोबरेल तेल लावायची सवय तर मोडाच, ते चिकट होऊन घोडा आणि स्प्रिंग जड करतं. बंदुकीचं पातळ तेल, सुती फडकं, कुलपाचं लोखंडी कपाट आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या. काडतुसं दुसऱ्या कप्प्यात, दुसऱ्या किल्लीखाली. पुस्तिका प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा, लॅमिनेट करू नका, नूतनीकरणाचा शिक्का तिच्यावरच बसायचा असतो. निवडणुकीत शस्त्र जमा करायला सांगितलं, तर पावतीवर नंबर आणि शस्त्राची अवस्था लिहून घ्या आणि जमा करण्याआधी त्याला तेलाचा हात फिरवा.