खोकं ओळखीचं, आतली काडतुसं भलतीच

२०२० च्या सप्टेंबरमध्ये मी एका माणसाला रोख २४० डॉलर मोजून रायफलच्या काडतुसांची चार खोकी घेतली. त्यातल्या तीन खोक्यांत आत निघालं ते वर छापलेलं नव्हतं. पैसे गेल्याचं दुःख महिन्याभरात ओसरलं. पण त्या काडतुसांतली एक गोळी मी जिवंत जनावरावर झाडली, आणि ते जनावर जवळजवळ चार तास तळमळत राहिलं. तो दिवस अजून डोळ्यांपुढून हलत नाही. इथे अमेरिकेत शिकारीकडे वळलेली काही मराठी घरं माझ्या माहितीत आहेत, त्यांच्यासाठी हे सगळं सविस्तर लिहितो आहे.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी नगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यातला. रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य आमच्या भागातलंच, त्यामुळे माळरानावर उड्या मारत जाणारे कळप लहानपणापासून पाहिले. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून शिकार हा गुन्हा आहे आणि तो तसाच राहावा असं माझं मत आहे. कोलोरॅडोत गोष्ट वेगळी. इथे दर वर्षी किती हरणं मारू द्यायची ते राज्याचं वन्यजीव खातं ठरवतं, त्यासाठी सोडत निघते, आणि १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकारीचा अभ्यासक्रम पुरा केल्याशिवाय सहसा परवाना मिळत नाही. मी ग्रीन कार्ड हाती आल्यावरच रायफल घेतली. व्हिसावर असलेल्यांना बंदूकच काय, काडतुसं बाळगायलाही केंद्राचा कायदा सहसा मनाई करतो. शिकारीचा वैध परवाना असेल तर त्यात सूट आहे, पण ती नीट वाचून घ्या, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

शिकार मला शिकवली ती आमच्या शेजारच्या सत्तरीतल्या आजोबांनी. त्यांचं पहिलं वाक्य मला पाठ आहे: रायफल फक्त गोळी पोचवते, काम गोळीच करते. आपण बोलताना काडतुसालाही गोळीच म्हणतो, पण काडतूस म्हणजे पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेली, ठिणगी पाडणारी टोपी, आतली दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी, असं सगळं मिळून. जनावरापर्यंत जाते ती फक्त गोळी. माझ्या .३०८ विंचेस्टर (हे काडतुसाच्या मापाचं नाव) रायफलीत १५० ते १६५ ग्रेनची गोळी हरणांना पुरते. १६५ ग्रेन म्हणजे पावणेअकरा ग्रॅमच्या आसपास.

वजनापेक्षा मोठा प्रश्न असतो गोळी आत शिरल्यावर काय करते हा. शिकारीची गोळी शरीरात शिरली की पुढून फुलते, रुंद होते, आणि तरीही तुकडे न होता छाती पार करते. तसं झालं तर जनावर काही क्षणांत पडतं. सैन्याची पूर्ण तांब्याच्या कवचातली गोळी फुलत नाही, सुईसारखी आरपार जाते. म्हणूनच कोलोरॅडोच्या नियमांत हरीण आणि प्राँगहॉर्न (इथल्या माळांवरचा हरणासारखा प्राणी) यांच्यासाठी फुलणारी गोळीच लागते, कमीत कमी ७० ग्रेनची. या दोन टोकांच्या मधे नवख्याला चकवणारा एक प्रकार आहे: नेमबाजीच्या स्पर्धांची गोळी. तिच्या टोकाला बारीक भोक असतं, त्यामुळे शिकारीच्या काही फुलणाऱ्या गोळ्यांसारखी तीही ‘होलो पॉइंट’ म्हणजे पोकळ टोकाचीच म्हणवते. पण ते भोक ती ज्या पद्धतीने बनवतात तिच्यामुळे राहतं, ती फुलावी म्हणून ठेवलेलं नसतं. कागदी लक्ष्यावर ती अचूक बसते. जनावरात शिरल्यावर कधी काहीच न करता आरपार जाते, तर कधी वरच्यावर फुटून तुकडे होतात. भरवसा नाही.

गोळी नीट चालली नाही म्हणून पोळलेला मी पहिला नव्हे. जॉन नॉस्लर नावाच्या शिकाऱ्याने १९४६ साली ब्रिटिश कोलंबियात चिखलाने माखलेल्या मूसवर (थंड प्रदेशातलं भलंमोठं हरीण) गोळ्या झाडल्या, त्या वेळच्या गोळ्या आत खोल पोचल्याच नाहीत. त्यातून त्याने मधोमध पडदा असलेली गोळी तयार केली. पुढचा भाग फुलतो, मागचा शाबूत राहून आत जातो. ती आजही विकली जाते. त्यानंतर शिसं कवचाला जोडून टाकलेल्या ‘बाँडेड’ गोळ्या आल्या, नुसत्या तांब्याच्या आल्या. (कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालतच नाही, तिथल्या मंडळींनी तांब्याचीच बघावी.) मला आजोबांनी १६५ ग्रेनची बाँडेड गोळी सांगितली होती, टोकाला शिसं उघडं दिसणारी. तीच मी शोधत होतो.

आणि ती मिळत नव्हती. २०२० साल आठवतं ना? करोनाच्या धास्तीने लोकांनी दुकानं धुऊन नेली होती. रेमिंग्टन कंपनी जुलैत दिवाळखोरीत गेली, तिचा काडतुसांचा कारखाना थंडावला. मी पाच दुकानं फिरलो, मांडण्या रिकाम्या. चार वर्षं सोडतीचे पॉइंट साठवून मला प्राँगहॉर्नचा परवाना लागला होता आणि हंगाम ऑक्टोबरच्या सुरुवातीला उघडणार होता. ज्याला घाई आहे त्याला गाठणं सोपं असतं.

सरावाच्या मैदानावरच्या फलकावर एक चिठ्ठी होती. ‘.३०८, १६५ ग्रेन, बाँडेड, कारखान्याचं सीलबंद.’ फोन केला. एका मॉलच्या पार्किंगमध्ये भेट ठरली. माणूस पन्नाशीचा, मोकळा, बोलघेवडा. स्वतःच्या शिकारीचे फोटो दाखवले. वडील गेले, त्यांचा साठा विकतोय म्हणाला. मीही वडील नुकतेच गमावले होते, मला त्याच्याबद्दल आपुलकी वाटली. त्याने एक खोकं उघडून दाखवलं, वीसच्या वीस काडतुसं चकचकीत, अगदी हवी होती तशी. बाकीची तीन चिकटवलेली होती. ‘ही उघडू नका, सील राहिलं तर पुढेमागे विकताही येतील,’ असा सल्लाही दिला. मी मान डोलावली. पावती मागितली नाही. वडिलांच्या साठ्याची पावती कसली, असं मला वाटलं.

उघडं खोकं खरं होतं, आणि त्याचाच सापळा होता. मैदानावर जाऊन ती वीसच्या वीस काडतुसं मी रायफलीवरची दुर्बीण नेमाशी जुळवण्यात संपवली. १०० यार्डांवर गोळ्या दीड इंच वर, एकाशेजारी एक बसत होत्या. मी निर्धास्त झालो.

शिकारीच्या आदल्या रात्री दुसरं खोकं उघडलं. टोकाला शिसं नव्हतं, त्या जागी टाचणी जाईल एवढं भोक. मी त्या माणसाला फोन लावला आणि त्याने तो उचललासुद्धा. म्हणाला, ‘टंचाईमुळे कंपनीने टोक बदललंय, हे होलो पॉइंट आहे, उलट फुलासारखं उघडतं.’ रात्रीचे दहा वाजले होते, पहाटे तीनला निघायचं होतं. मला ते पटवून घ्यायचं होतं म्हणून पटलं. आजोबांना तेव्हाच दाखवायला हवं होतं. ते झोपले असतील म्हणून दाखवलं नाही.

ब्रिग्जडेलच्या पुढे पॉनी गवताळ प्रदेश आहे. सपाट, बोडका, वाऱ्याचा, आपल्या माळरानासारखाच. प्राँगहॉर्नला इथले लोक अँटिलोप म्हणतात, पण काळवीट खरा अँटिलोप आणि हा नाही. याचे जवळचे नातलग जिराफ. शिंगांवरची खोळ दर वर्षी गळून नवी येते, आणि पळायला लागला की ताशी ८० किलोमीटरच्या वर जातो.

सकाळी साडेआठला एक नर १८० यार्डांवर आडवा उभा होता. मी पोटावर झोपून, रायफल टेकवून, श्वास सोडून चाप ओढला. तो दचकला, पाठ वाकवली, आणि कळपाबरोबर टेकाडापलीकडे गेला. आजोबा म्हणाले, लागलंय, पण अंगाच्या मागच्या भागात लागलंय. अर्धा तास थांबलो. जिथे तो उभा होता तिथे जाऊन गुडघ्यावर बसलो. पिवळ्या गवताच्या एका पात्यावर मोहरीएवढा रक्ताचा थेंब. पुढे वीस पावलांवर दुसरा. मग कितीतरी वेळ काहीच नाही.

दोन किलोमीटर गेलो असू. मधे दोनदा माग तुटला. आजोबा थेंब दिसेल तिथे नारिंगी फीत बांधत आणि मला पुढे पाठवत. बारा वाजून गेल्यावर तो दिसला, एका घळीत बसलेला, मान ताठ, आमच्याकडे पाहत. उठायचा प्रयत्न करत होता, उठवत नव्हतं. मी दुसरी गोळी झाडली. जवळ गेल्यावर पाहिलं, पहिली गोळी बरगड्यांच्या मागून, पोटातून गेली होती. शिरली ते भोक पेन्सिलीएवढं आणि बाहेर पडली तेही तेवढंच. मी त्या जनावरापाशी बसून रडलो, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

आजोबांनी माझ्या हातातून एक काडतूस घेतलं आणि ते उलटं करून बुडाकडे पाहिलं. काही न बोलता दुसरं मागितलं. मग तिसरं. खोक्यावर ज्या कंपनीचं नाव, तिचाच शिक्का पुंगळीच्या बुडावर हवा. इथे एकावर एका कंपनीचा, दुसऱ्यावर दुसरीचा, आणि तिसऱ्यावर वर्तुळात अधिकचं चिन्ह होतं. ती नाटो सैन्याच्या काडतुसांची खूण. टोपीभोवती घासून काढलेली एक कडीही दिसत होती, सैनिकी काडतुसांत टोपी जिने पक्की बसवतात तिचा तो माग. म्हणजे कुणीतरी मैदानावर पडलेल्या रिकाम्या पुंगळ्या गोळा करून घरी भरल्या होत्या.

घरी येऊन त्यांनी आपल्या यंत्रावर दहा काडतुसं उकलली. गोळी १६८ ग्रेनची, स्पर्धेची. दारू प्रत्येकात वेगळी, सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त यांत दीड ग्रेनचा फरक. म्हणून तर जुळवलेल्या दुर्बिणीशी नेम जुळला नव्हता. ‘हे तुझ्या हातात फुटलं असतं,’ असं त्यांनी म्हटलं तेव्हा बायको शेजारी उभी होती. अनोळखी माणसाने भरलेलं काडतूस आपल्या रायफलीत घालू नये हा या क्षेत्रातला पहिला धडा आहे आणि मी तो नकळत मोडला होता. उरलेल्यातलं एकही काडतूस त्यांनी चाचणीसाठीसुद्धा झाडू दिलं नाही.

त्या माणसाचा फोन दुसऱ्या दिवसापासून बंद. फलकावरची चिठ्ठी गेलेली. पोलिसांनी तक्रार लिहून घेतली, पण रोख व्यवहार, पावती नाही, गाडीचा नंबर मी पाहिलेला नाही. पुढे काही झालं नाही.

आता मी दुकानातूनच घेतो, पावती ठेवतो, आणि टंचाई असेल तर परवाना वाया गेला तरी चालेल असं मनाशी ठरवूनच निघतो. दुकानातली असली तरी घरी आल्यावर प्रत्येक खोकं टेबलावर रिकामं करतो. वीसही बुडं एका दिशेने मांडतो. शिक्का एकच आहे का, टोप्या एका रंगाच्या आहेत का, टोक खोक्यावरच्या चित्राशी जुळतं का, हे बघायला पाच मिनिटं लागतात. खोक्यांचे लॉट नंबर (एका खेपेत बनलेल्या मालाचा क्रमांक) एकसारखेच निवडतो, आणि ज्या खोक्यातली काडतुसं शिकारीला न्यायची त्याच खोक्यातली तीन आधी कागदावर झाडून पाहतो. माझ्या त्या तीन खोक्यांच्या झाकणाखाली पारदर्शक गोंदाचे तंतू लोंबत होते, घरगुती गोंदाच्या पिस्तुलाने सोडावेत तसे. मला ते नंतर दिसले. तुम्ही आधी बघा.

मांस आम्ही वाया घालवलं नाही, जेवढं वाचलं तेवढं आणलं, मोजकंच होतं. उरलेली काडतुसं आजोबांनी उकलून टाकली. खोकी मात्र मी कचऱ्यात अख्खी टाकणार होतो, त्यांनी ती माझ्याकडून घेतली आणि चारही फाडून तुकडे केले. त्या माणसाला खरी खोकी कुठून मिळाली असतील, असं त्यांनी विचारलं, आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला: मैदानावरच्या पिंपात आम्ही सगळेच ती रिकामी करून टाकत होतो. तेव्हापासून मी रिकामं खोकं तिथे ठेवत नाही, घरी आणून फाडतो. तुम्हीही फाडत जा.