भोंगा की हेलर? तीस फुटी शिडाच्या बोटीसाठी

तीन वर्षांपूर्वीची फेब्रुवारीतली सकाळ. पणजीत कांपालसमोर मांडवीवर धुकं इतकं दाट होतं की डोलकाठीच्या पुढे बोट आहे की नाही तेही कळत नव्हतं. वारा नव्हता, इंजिन चालू होतं. टिलर (सुकाणूचा दांडा) बायकोच्या हातात आणि माझ्या हातात गॅसच्या डबीचा भोंगा. उजवीकडून मालवाहू बार्जची धडधड जवळ येत होती. मी बटण दाबलं. पहिला लांब आवाज नीट निघाला, दुसऱ्या खेपेला डबी नुसतीच फुसफुसली. तळाचा पत्रा गंजला होता आणि बहुतेक गॅस कधीचाच निघून गेला होता. बार्ज दूर जाईपर्यंत मी प्लास्टिकची तुतारी फुंकत उभा होतो. त्यानंतर मी आधी विजेचा भोंगा बसवला, दोन हंगामांनी व्हीएचएफला (बोटीवरच्या रेडिओला) जोडलेला लाउडहेलर, म्हणजे बोलणं आणि संकेत दोन्ही मोठ्याने ऐकवणारा कर्णा. दोन्ही वापरून झाल्यावर हे लिहितोय.

आधी नियम. 1972 चे टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम, ज्यांना बोटीवाले कोलरेग्ज म्हणतात, त्यांत 12 मीटर किंवा त्याहून लांब जहाजाला व्हिसल (शिट्टी नव्हे, ठरावीक मापाचा भोंगा) हवीच, आणि 20 मीटरपासून पुढे घंटाही. दिवाडीला बांधलेल्या नौदलाच्या शिडाच्या बोटी म्हादेई आणि तारिणी 56 फुटी, म्हणजे 17 मीटरच्या, त्यांना व्हिसल बंधनकारक. आपली तीस फुटी बोट 9 मीटरची. तिला ठरावीक मापाची व्हिसल नसली तरी चालते, पण दूरवर ऐकू जाईल असा आवाज काढण्याचं काहीतरी साधन हवंच. तोंडाची तुतारीसुद्धा त्यात बसते. शंख चांगला वाजवता येत असेल तर तोही.

धुक्यात शिडावर चालत असाल तर एक लांब आणि दोन छोटे आवाज, दोन मिनिटांच्या आत पुन्हा तेच. लांब म्हणजे 4 ते 6 सेकंद, छोटा साधारण 1 सेकंदाचा. इंजिन लावून चालू लागलात की नियमाच्या दृष्टीने तुम्ही मोटरबोट, मग फक्त एक लांब. धुक्याच्या सकाळी वारा सहसा नसतोच, म्हणून नदीत बहुतेक वेळा हाच वाजवावा लागतो.

गोव्यात धुकं कितीसं पडतं, असं कोणी विचारेल. जानेवारी-फेब्रुवारीत पहाटे मांडवीवर आणि जुवारीवर पडतं, उन्हं वर आली की जातं. पण नियमातल्या ‘कमी दृश्यमानते’त मुसळधार पाऊसही धरलेला आहे. मासेमारीबंदी 31 जुलैला संपते आणि ट्रॉलर बाहेर पडतात तेव्हा पाऊस असतोच. ऑक्टोबरातही आग्वादच्या बाहेर एखादी सर अशी येते की मुरगाव बंदराबाहेर नांगरलेली जहाजं पाच मिनिटांत पुसली जातात. धुक्यापेक्षा मला त्या सरींचीच जास्त काळजी वाटते.

गॅसची डबी मी आता मुख्य साधन म्हणून कोणालाच सुचवत नाही. आवाज मोठा असतो, पण खाऱ्या हवेत पत्रा टिकत नाही, उन्हात तापू देता येत नाही आणि विमानातून सोबत आणताही येत नाही. तोंडाची तुतारी मात्र कॉकपिटच्या कप्प्यात हवीच. बॅटरी मेली तरी ती वाजते.

खरी निवड विजेचा भोंगा आणि हेलर यांच्यातच आहे.

विजेचा भोंगा म्हणजे 12 व्होल्टवर चालणारा पडद्याचा हॉर्न, टिलरजवळ एक बटण आणि मध्ये फ्यूज. साधा हॉर्न 4-5 अँपिअर ओढतो. काँप्रेसरवाला 15 अँपिअर किंवा त्याहून जास्त, आणि त्याला रिले (जास्त प्रवाह झेलणारा स्विच) लागतो. याचा मोठा गुण असा की अंगठा ठेवला की आवाज. मेनू नाही, मोड नाही. मालीमच्या धक्क्यातून एखादा ट्रॉलर अचानक तुमच्या नाळेवर (बोटीच्या पुढच्या टोकावर) वळला, तर पाच छोटे आवाज (‘तुझा इरादा कळत नाही’ हा संकेत) दोन सेकंदांत सुरू होतात. दोष असा की दर दोन मिनिटांनी कोणीतरी घड्याळाकडे बघून दाबावं लागतं. तासाला तीस वेळा. दोघं असताना जमतं. एकटा माणूस टिलर, होकायंत्र आणि घड्याळ सांभाळताना चुकतोच, मी चुकलोय.

हेलरचा फायदा नेमका तिथे. व्हीएचएफच्या काही संचांत 25-30 वॅटचा हेलर असतो. बाहेर कर्णा लावायचा आणि संचावर ‘शिडावर’, ‘इंजिनावर’, ‘नांगरावर’ असा पर्याय निवडायचा. मग तो संकेत आपोआप, वेळेवर देत राहतो. मधल्या वेळात तोच कर्णा मायक्रोफोन होतो आणि बाहेरचा आवाज आत ऐकवतो. धुक्यात इंजिन क्षणभर बंद करून कान लावला तेव्हा पाण्याचा चुबुक आवाज आणि लांबचं फेरीबोटीचं इंजिन त्यातून स्वच्छ ऐकू आलं. शिवाय बोलता येतं. एकदा केरीजवळ एका तांडेलाला मी कर्ण्यातून विचारलं, ‘जाळें खंय मेरेन आसा?’ (जाळं कुठपर्यंत आहे?) त्याने हात लांब करून थेट दक्षिणेकडे दाखवला. तेवढ्यावर माझ्या इंजिनाचा पंखा जाळ्यात अडकण्यापासून वाचला.

पण शिडं उतरवून इंजिन लावताना मोड बदलायला विसरलात तर बोट चुकीचा संकेत ओरडत राहते. आणि घाईत पाच छोटे आवाज काढायचे तर आधी मेनूत शिरावं लागतं. व्हीएचएफला परवानाही लागतो. नुसता सुटा हेलर घेतला तर तो प्रश्न येत नाही.

आवाजाच्या आकड्यांना फार भुलू नका. 20 मीटरच्या आतल्या व्हिसलला नियमाने अर्ध्या सागरी मैलाचा पल्ला धरला आहे, म्हणजे साधारण 926 मीटर. खोक्यावरचे 120 डेसिबल 1 मीटरवरचे असतात. अंतर दुप्पट झालं की 6 डेसिबल घटतात. शांत हवेतही अर्ध्या मैलावर साधारण 60 उरतात, आणि ट्रॉलरच्या केबिनमध्ये डिझेल इंजिनाचा गोंगाट त्याहून बराच मोठा. त्याने ऐकलं असेल असं धरून कधीच चालू नका.

वायरचा हिशेब मात्र जरूर करा. पॅनेलपासून डोलकाठीच्या पहिल्या आडकाठीपर्यंत 10 मीटर धरा, जाऊन-येऊन 20. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा रोध तेवढ्या लांबीला 0.14 ओहम. 5 अँपिअरच्या हॉर्नला 0.7 व्होल्ट गळतात, चालतं. 15 अँपिअरच्या काँप्रेसरला 2.1 व्होल्ट गळतात, आणि हॉर्न किरकिरतो. तिथे 6 चौरस मिलिमीटरची वायर हवी, जी डोलकाठीतून ओढणं जिवावर येतं. हेलरच्या 4 ओहमच्या कर्ण्याला अडीचची पुरते. म्हणून काँप्रेसरवाला भोंगा डोलकाठीवर नेऊच नये.

जागेबद्दल माझं मत ठाम आहे. मागच्या रेलिंगवर कर्णा लावणं सगळ्यांत सोपं आणि सगळ्यांत वाईट, कारण तो टिलरवाल्याच्या कानात वाजतो. पुढच्या रेलिंगवर वायर सोपी, पण तिथे लाटा अंगावर घेतो. पहिल्या आडकाठीजवळ, डोलकाठीच्या पुढच्या बाजूला, तोंड पुढे आणि किंचित खाली, म्हणजे पाणी साठणार नाही. बोट वळवताना पुढचं शीड त्यात अडकत नाही ना, हे धक्क्यावरच शीड हलवून बघून घ्या. ॲल्युमिनियमच्या डोलकाठीत स्टीलचे स्क्रू मारताना मध्ये नायलॉनची पट्टी घाला. नाहीतर एका पावसाळ्यात स्क्रूभोवती पांढरी पूड दिसू लागते. कर्ण्यात चुंबक असतं, म्हणून तो होकायंत्रापासून मीटरभर तरी लांब ठेवा. ऑटोपायलटचं होकायंत्र कुठल्या फळीमागे आहे तेही बघा.

नदीत आणि आग्वाद ते ग्रांद बेट इतकंच फिरत असाल, नेहमी दोघं असाल, तर 5 अँपिअरचा साधा हॉर्न आणि एक तुतारी पुरे. उरलेले पैसे चांगल्या वायरवर घाला. कारवार किंवा मुंबईपर्यंत जाणार असाल, रात्री एकट्याने पहाऱ्याची पाळी करणार असाल, तर हेलर घ्या. तरीही त्या बटणाचा छोटा हॉर्न काढू नका. माझ्या बोटीवर दोन्ही आहेत.

एक काम दोन्हींना सारखं. पावसाळ्यात बोट यार्डात चढवली की कर्ण्याच्या तोंडात कापड कोंबा. पहिल्या वर्षी मी कोंबलं नव्हतं. ऑक्टोबरात बटण दाबलं तर भोंगा घशात अडकल्यासारखा वाजला. काढून बघितला तर आत कुंभारीण माशीने मातीचे तीन गाडगे बांधले होते, सुपारीएवढे, नीट सुकलेले. आता कापडाला लाल फीत बांधतो आणि तिचं टोक शिडाच्या दोरीला, म्हणजे शीड चढवण्याआधी ते निघतंच.